‘ताई, हे मी नाही बोलली’ : बाळंतिणींची बाजू मांडणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर, गुणवत्ता समित्यांवर आणि बाळंतपणाविषयी काही ठरवणाऱ्या बैठकांमध्ये बाळंतिणींच्या वतीने बोलणारे सर्व डॉक्टर, सिस्टर, आशाताई, कार्यकर्ते आणि रुग्ण प्रतिनिधी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. गेली सात वर्षं शहरातल्या एका रुग्णालयाच्या समितीवर रुग्ण प्रतिनिधी म्हणून बसते. बाळंत होऊन गेलेल्या बायकांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं लिहून आणायचं आणि समितीपुढे ठेवायचं, हे माझं काम. त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. तीच चूक आपल्यापैकी पुष्कळजण करतो आहोत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी चाळीस बायकांशी बोलले. कुणी मानेवाड्याची, कुणी कामठीची, काही उमरेड-भिवापूरकडच्या, दोघी तर पार बालाघाटहून आलेल्या. त्यावरून अहवाल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य होतं : ‘बहुसंख्य महिलांना नैसर्गिक प्रसूती हवी असून, सिझरची मागणी करणाऱ्या महिला भीतीपोटी व माहितीअभावी तशी मागणी करतात.’ अहवाल वाचायच्या दिवशी चाळीसपैकी चौघींना आम्ही बैठकीला बोलावलं होतं. भिवापूरकडची एक बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर दीड वर्षाची पोरगी, पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा. मी ते वाक्य वाचलं, पुढचं पान उलटलं, आणि ती उभी राहिली.

“ताई, हे मी नाही बोलली,” ती म्हणाली. “मी भेवून नाही सांगतलं. मले माहीत होतं म्हनून सांगतलं.”

एवढं बोलून ती बसली. कुणी काही विचारलं नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

घरी येऊन मी जुनी वही काढली. तिचं पान सापडलं. माझ्याच अक्षरात तिचे शब्द होते : “पहिल्या बारीले मी सगळ्याइचं आयकलं. लेकरू गेलं. या बारीले माह्यं आयका.” पहिल्या बाळंतपणात तिला दिवसभर आणि रात्रभर कळा आल्या होत्या, शेवटी चिमटा लावला होता आणि मुलगा चौथ्या दिवशी गेला होता. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यापासून ती प्रत्येक तपासणीत सांगत होती की मला सिझर करा. हे सगळं तिने मला सांगितलं होतं आणि मी लिहूनही घेतलं होतं. त्या मजकुराच्या शेजारी, समासात, मी लाल पेनने एक शब्द लिहिला होता : ‘भीती’. अहवालात तिच्या तीन वाक्यांपैकी एकही गेलं नाही. समासातला माझा शब्द तेवढा गेला. (तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव मुद्दाम देत नाही.)

असं का झालं, याचा मी बरेच दिवस विचार केला. उत्तर माझ्याच बाळंतपणात आहे.

२००९ सालची गोष्ट. दिवस भरले होते, दुपारपासून कळा सुरू होत्या. साडेपाचच्या सुमारास डॉक्टर आल्या, पोटाला हात लावला आणि बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याशी बोलल्या. त्याने संमतीपत्रावर सही केली. मी शुद्धीवर होते, दोन हातांच्या अंतरावर होते, पण कागद माझ्याकडे आलाच नाही. ‘ठोके कमी होताहेत’ एवढंच कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, नेमकं काय झालं होतं? उत्तर आलं, “बाळ ठीक आहे ना? मग?” ते सिझर गरजेचं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. कदाचित शंभर टक्के गरजेचं असेल. पण तो ‘मग?’ माझ्या मनातून गेला नाही. तेव्हापासून कुठलीही बाई ‘माझं सिझर झालं’ म्हणाली की मला ‘माझ्यावर लादलं’ असंच ऐकू येत राहिलं. आणि एखादी ‘मीच करा म्हटलं’ असं म्हणाली, तर तिचं म्हणणं तिचं नसणारच, कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं असणार, असं मी धरून चालले. माझं दुःख खरं होतं. पण ते मी चाळीस बायकांच्या तोंडी घातलं.

आता दुसऱ्या बाजूचं सांगते, कारण हा दोष एकट्या कार्यकर्त्यांचा नाही.

बैठकीत मी वारंवार ऐकते : “मॅडम, आम्ही काय करणार? आजकालच्या मुलींना कळाच सोसत नाहीत. त्याच म्हणतात सिझर करा.” हेही रुग्णाचं म्हणणं म्हणूनच मांडलं जातं. इतिवृत्तात ‘रुग्णांकडून सिझरची मागणी वाढली आहे’ असं लिहिलं जातं. मागच्या वर्षी मी अशा केसपेपरमधल्या काही बायकांना घरी जाऊन भेटले. एकीच्या कागदावर ‘रुग्ण व नातेवाईक यांच्या इच्छेवरून’ असं होतं. ती म्हणाली, रात्री दोन वाजता मी सिस्टरला म्हटलं, काहीतरी करा, आता माझ्याच्यानं नाही होत. मी विचारलं, काहीतरी म्हणजे काय करावं असं वाटत होतं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आईले आत येऊ द्याव, असं वाटत होतं. थोडं उठून चालू द्याव. पाठ दाबून द्याव कोनी.”

‘काहीतरी करा’ या दोन शब्दांचं पुढे काय झालं ते पाहा. सिस्टरने ते बाहेर बसलेल्या सासूला सांगितलं. सासू म्हणाली, “मंग करून टाका सिझर, पोरीचे हाल पाहवत नाही.” ते डॉक्टरांपर्यंत गेलं, डॉक्टरांनी कागदावर उतरवलं, आणि महिनाअखेरीस समितीपुढे ‘मागणी’ म्हणून आलं. यात कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने आपल्याला पटेल तेवढं ऐकलं आणि पुढे दिलं. वेदना कमी करणारं इंजेक्शन, पाठीतून देतात ते, त्याबद्दल तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग ती ते मागणार कशी?

त्या सिझरची गरज नव्हती, असं मी म्हणत नाही. ते ठरवायचं ज्ञान माझ्याकडे नाही. गरज असेल तर गरज होती असं लिहा. डॉक्टरांचा निर्णय डॉक्टरांच्या नावाने आणि सासूची इच्छा सासूच्या नावाने जाऊ द्या. तिने न मागितलेल्या गोष्टीवर तिचं नाव घालू नका.

आकड्यांचंही असंच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. धंतोली-रामदासपेठेतून चालत जाताना पाटी दर पाटी प्रसूतिगृह दिसतं त्या शहरात हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. आम्ही कार्यकर्ते तो दाखवून म्हणतो, बघा, बायकांवर सिझर लादताहेत. काही डॉक्टर तोच दाखवून म्हणतात, बघा, बायकाच मागताहेत. किती सिझर झाली एवढंच आकडा सांगतो. त्यातल्या प्रत्येकीला काय हवं होतं, हे त्यात कुठेच नाही. ती जागा रिकामी आहे, म्हणूनच आपण सगळे तिथे आपापलं मत भरतो.

सिझरचं प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या वर असू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेचं वाक्य मी कित्येक भाषणांत वापरलं आहे. ते १९८५ सालचं. २०१५ मध्ये त्याच संघटनेने नवं निवेदन काढलं. लोकसंख्येच्या पातळीवर सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. ते मी वाचून दाखवत असे. पण ठरावीक टक्केवारी गाठण्याचा आटापिटा न करता ज्या बाईला सिझरची गरज आहे तिला ते मिळेल हे पाहावं, असंही त्याच निवेदनात आहे. ते मी कधी वाचून दाखवलं नाही. माझ्या कहाणीला ते सोयीचं नव्हतं.

ही टक्केवारीची ओढ काय करते, ते इंग्लंडने भोगलं. तिथल्या श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या सरकारी रुग्णालयांची चौकशी होऊन मार्च २०२२ मध्ये चौकशीच्या प्रमुख डोना ऑकेंडन यांचा अहवाल आला. चांगली काळजी घेतली असती तर २०१ बाळं कदाचित वाचली असती, असा त्याचा निष्कर्ष होता. सिझरचं प्रमाण कमी ठेवण्याचा ती रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेला अभिमान होता, आणि सिझर मागणाऱ्या आयांचं ऐकलं गेलं नाही, हे त्यात नोंदलं आहे. सिझरचे टक्के हे कामगिरीचं मोजमाप म्हणून वापरू नका, असं तिथल्या आरोग्यसेवेने त्याच वर्षी रुग्णालयांना कळवलं. ‘नॉर्मल’च्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारखीने हा अहवाल भिवापूरच्या त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून वाचायला हवा. मी तसा वाचला. मला रात्रभर झोप आली नाही.

तिकडचाच एक खटलाही मला डॉक्टर मंडळींना आवर्जून सांगायचा आहे. स्कॉटलंडच्या नदीन मॉन्टगोमेरी यांना मधुमेह होता, बांधा लहान होता. मधुमेही आईचं बाळ मोठं होतं आणि डोकं बाहेर आल्यावर खांदे अडकण्याची शक्यता वाढते. त्यांच्या बाबतीत ती ९ ते १० टक्के होती. बाळ मोठं आहे, नीट होईल ना, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलंही होतं. तरी धोका सांगितला गेला नाही. सांगितलं तर मधुमेह असलेली प्रत्येक बाई सिझरच मागेल आणि ते आयांच्या हिताचं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. १९९९ साली बाळ जन्मलं. खांदे अडकले, डोकं बाहेर आल्यावर पूर्ण सुटका व्हायला बारा मिनिटं लागली. मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर कायमचा परिणाम झाला. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती लेडी हेल यांनी निकालपत्रात म्हटलं की हा निव्वळ वैद्यकीय निर्णय दिसत नाही, योनीमार्गे होणारी प्रसूती सिझरपेक्षा नैतिकदृष्ट्या वरचढ आहे असं मत त्यामागे दिसतं. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं आहे. आपलं मत वैद्यकीय सल्ल्याच्या किंवा ‘जनमताच्या’ वेशात कसं येतं, ते इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात निकाल दिला आहे. तो बाळंतपणाचा खटला नव्हता. दुर्बिणीने तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन दिल्लीत तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढली होती. न्यायालयाने सांगितलं, पेशंट सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, तातडीचं कारण नाही, अशा वेळी आईची संमती ही तिची संमती होत नाही. सख्ख्या आईची चालत नाही. मग आपली, समितीवरच्या परक्या माणसांची, कशी चालावी?

मान्य आहे, नाळ खाली आली, रक्तस्राव सुरू झाला, तर तिथे कुणी चर्चा करत बसणार नाही, आणि बसूही नये. पण ती वेळ येण्याआधी सहा-सात महिने बाई आपल्याकडे येत असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं. तुझ्या मनात काय आहे, पहिल्या वेळी काय झालं होतं, कशाची धास्ती आहे, कोण सोबत हवं आहे, हे तेव्हा विचारून कार्डावर तिच्या शब्दांत लिहायला किती वेळ लागेल? सोबतीणीचंच घ्या. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या २०१७ अखेरच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आहे. जिथे आत सोडतात तिथेही बहुतेक वेळा सासू जाते, कारण दारात तीच उभी असते. मुलीला कोण हवं होतं, हा प्रश्न निघतच नाही.

आणि आपले ते अभिप्रायाचे फॉर्म. ते कधी भरून घेतात? सुट्टी होताना. सुट्टीचा कागद सिस्टरच्या हातात असतो, खाली घरी सोडायला १०२ ची गाडी उभी असते, नवरा पिशव्या घेऊन जिन्यात थांबलेला असतो, आणि आपण विचारतो, ‘सेवेबाबत आपण समाधानी आहात का?’ ती समाधानीवर खूण करते. गडचिरोलीकडून आलेल्या, माडिया बोलणाऱ्या मुलीलाही तोच प्रमाण मराठीतला फॉर्म. तिच्या वतीने कुणीतरी खूण करतं. त्याच बायकांना मी दीड महिन्याने त्यांच्या घरी भेटले आहे. चहा होतो, बाळ झोपतं, सासू बाजारात जाते, आणि मग बोलणं निघतं. जिने ‘समाधानी’ लिहिलं होतं तीच सांगते की टाके घालताना दुखतं म्हटलं तर ओरडले. आणि जिच्याबद्दल मी धरूनच चालले होते की ती रडत असणार, ती सांगते, “मस्त झालं ताई, सगळ्याइनं चांगलं केलं.” हे दुसरं ऐकताना माझा चेहरा थोडा पडतो. त्या पडण्याकडे मी आता लक्ष ठेवते.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. बाळंतिणींच्या वतीने बोलायला उभं राहण्याआधी आपण प्रत्येकाने आपल्या बाबतीत काय झालं ते सांगावं. माझं सिझर झालं आणि मला विचारलं नाही. माझ्या बायकोचं नॉर्मल झालं आणि छान झालं. माझं प्रसूतिगृह आहे, रात्रीला भूलतज्ज्ञ मिळत नाही. माझ्या समोर एक बाई गेली आणि तेव्हापासून मी वाट पाहायला घाबरते. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ऐकणाऱ्याला ते माहीत असायला हवं. मग तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत आणावं, वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीत, हिंदीत असेल तर हिंदीत, आणि आपण काय विचारलं होतं तेही सोबत लिहावं. ‘तुम्हाला नॉर्मलच हवं होतं ना?’ असं विचारून मिळालेलं ‘हो’ मी अनेकदा नोंदवलं आहे. आपल्या निष्कर्षात न बसणारं पान आधी वाचावं. शक्य असेल तिथे बाईलाच बोलवावं, तिच्या एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी देऊन. आम्हाला बैठकीचा भत्ता मिळतो. तिला चहा मिळतो.

मागच्या महिन्यात मी भिवापूरला जाऊन आले. अहवालातलं तिचं पान नव्याने लिहिलं होतं, ते तिला वाचून दाखवलं. ‘सिझरची मागणी केली’ या शब्दांवर तिने मला थांबवलं. “मागनी काहून लिवता? मी काही मांगत नव्हती. सांगत होती.” मी तिथेच, तिच्या ओसरीवर, ते खोडलं आणि ‘सांगितलं’ केलं. पोरगी आता साडेतीन वर्षांची आहे. पेन तिला पाहिजे होतं.

दुरुस्त केलेला अहवाल पुढच्या बैठकीत ठेवणार आहे. सुरुवातीला एक पान जास्तीचं असेल, त्यावर माझं २००९ चं बाळंतपण लिहिलेलं आहे. वहीतली चाळीसही जणींची पानं सोबत जोडली आहेत, नावं झाकून, समासातले माझे लाल शब्द तसेच ठेवून. आपल्या समितीच्या विषयपत्रिकेत यासाठी अर्धा तास राखावा, आणि येताना आपापलं एक पान लिहून आणावं, ही विनंती.

आपली,
एक रुग्ण प्रतिनिधी
नागपूर